पुढचं ठरलं नसेल तर पहिलं सत्र हलकं घ्या

बारावीचा निकाल लागला की पुढचे दोन महिने आमच्यासारख्या शिक्षकांच्या घरी चहाचं आधण सारखं चढलेलं असतं. जुने विद्यार्थी येतात, सोबत अब्बा किंवा मामू असतात, आणि पिशवीतून कॉलेजच्या प्रवेशाचे कागद निघतात. ज्यांना डॉक्टर-इंजिनिअर व्हायचं आहे ती मुलं आमच्याकडे फारशी येत नाहीत. त्यांचे प्रश्न प्रवेश परीक्षेचे असतात. येतात ती बीए, बीएस्सी, बीकॉमला जाणारी, आणि त्यातली निम्मी तरी खाली मान घालून सांगतात, "अजून काही ठरलं नाही."

यात शरमेसारखं काही नाही. सतरा-अठराव्या वर्षी आयुष्यभराचं ठरलेलं असावं, ही अपेक्षाच जरा जास्त आहे. अडचण पुढे सुरू होते. मुलाचं ठरलं नाही म्हटलं की घरातली मोठी माणसं त्याच्यावर एक उपाय काढतात. ठरत नाही ना, मग सगळंच थोडं थोडं घे. कॉलेज कर, सोबत टॅलीचा कोर्स कर, स्पर्धा परीक्षेचा क्लास लाव, इंग्रजी बोलण्याचा वर्ग लाव. काहीतरी एक लागेलच. नियत चांगली असते. पण आमच्या पाहण्यात अशा मुलांचं दिवाळीपर्यंत एकही धड लागत नाही. ज्याचं ठरलं नाही, त्याला जास्त नको, थोडं हवं. कारण त्याला विषय नुसते पास व्हायचे नाहीत, ते चाखून, पारखून पाहायचे आहेत. त्याला वेळ लागतो.

हल्ली हा प्रश्न जास्त अवघड झालाय, कारण अर्जच बदलला आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्य शासनानं एप्रिल 2023 मध्ये पदवीची नवी चौकट ठरवली. आधी स्वायत्त महाविद्यालयांत आणि 2024-25 पासून विद्यापीठांच्या इतर महाविद्यालयांतही ती लागू झाली. आता अर्जावर मेजर, माइनर, ओपन इलेक्टिव्ह असे शब्द येतात, आणि त्यांच्या मागे व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी अशी अक्षरांची रांग. एका अब्बांनी ती रांग पाहून आम्हाला विचारलं होतं, "हे विषय आहेत की एसटीच्या गाड्यांचे नंबर?" आम्हालाही पहिल्यांदा तो कागद दोनदा वाचावा लागला होता.

तर आधी त्या रांगेचा उलगडा करू. प्रत्येक विषयाला क्रेडिट, म्हणजे श्रेयांक असतात. एका सत्रात साधारण 20 ते 22 क्रेडिट घ्यायचे असतात, वर्षाला 40 ते 44. ही संख्या आपल्या हातात नाही. कमी घेतो म्हणून चालत नाही. मग हलकं घ्या म्हणजे काय, असं तुम्ही विचाराल. संख्या तीच राहते, वजन मात्र बदलतं. ते दोन ठिकाणी बदलतं: त्या बावीस क्रेडिटमध्ये कोणते विषय भरता, आणि त्याच्या बाहेर आणखी काय काय डोक्यावर घेता.

एक साधा हिशेब पाहा. तासिकेत शिकवल्या जाणाऱ्या विषयाचं एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात 15 तास, म्हणजे आठवड्याला सुमारे एक तास. प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे मात्र 30 तास, आठवड्याला दोन. आता एक मुलगी बीएला गेली आणि तिचे सगळे विषय तासिकेचे असले, तर तिला आठवड्याला बावीस तास वर्गात बसायचं आहे. तिचा भाऊ बीएस्सीला गेला, त्यानं भौतिक, रसायन आणि प्राणिशास्त्र घेतलं, आणि प्रत्येकाचे दोन क्रेडिट तासिकेचे, दोन प्रॅक्टिकलचे असले, तर त्याचे वर्गाचे आणि प्रयोगशाळेचे मिळून अठ्ठावीस तास झाले. जर्नल लिहिणं वेगळंच. दोघांच्याही कागदावर आकडा बावीसच. म्हणून क्रेडिट मोजून थांबू नका, तास मोजा.

आणि हे फक्त कॉलेजातले तास झाले. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाच्या 40 क्रेडिटसाठी 1200 तास धरले आहेत. त्यात वर्ग, प्रयोगशाळा, घरचा अभ्यास, प्रकल्प, परीक्षेची तयारी सगळं आलं. म्हणजे एका क्रेडिटला 30 तास. बावीस क्रेडिटचे 660. सत्राचे पंधरा आठवडे धरले तर आठवड्याला 44 तास. ही पूर्ण वेळेची नोकरीच म्हणायची. आमच्या घरांतून अनेकदा ऐकू येतं, "कॉलेज काय, चार तासांचं असतं, मग पोरगा रिकामाच." तो रिकामा नसतो. तो रिकामा दिसतो, आणि मग त्याला दुकानावर बसवतात.

दुकानावर बसवू नका, असं आम्ही म्हणणार नाही. मालेगावात, भिवंडीत, मिरजेत किती घरं मुलांच्या हातभारावर चालतात, ते आम्हाला ठाऊक आहे. पण ते तासही वहीत लिहा. समजा एक मुलगा गावाहून तालुक्याला एसटीनं जातो. जाण्यायेण्यात रोज दोन तास, सहा दिवसांचे बारा. असरनंतर तो चाचांच्या दुकानात बसतो आणि इशाच्या सुमारास घरी येतो. रोजचे चार धरले तर चोवीस. अभ्यासाचे चव्वेचाळीस. एकूण ऐंशी झाले. रोज सात तास झोप म्हटली तर एकोणपन्नास. आठवड्याचे एकूण तास 168. उरले एकोणचाळीस, म्हणजे रोजचे साडेपाच. त्यात नमाज, जेवण, अंघोळ, पाहुणे, आजारपण, जुम्याचा दिवस, आणि मोबाइल. मोबाइलचं खातं आम्ही सौजन्यानं वेगळं काढत नाही. बसतं, पण ताणून बसतं. आता यातच रोज दोन तासांचा स्पर्धा परीक्षेचा क्लास घाला. क्लासचा अभ्यासही असतोच. वही तिथंच फाटते.

मुलींच्या हिशेबात एक रकाना कुणी लिहीतच नाही. सकाळचा नाश्ता, धाकट्याला शाळेसाठी तयार करणं, दुपारी परतल्यावर भांडी, संध्याकाळी दादीजानचं औषधपाणी. त्याला काम म्हणत नाहीत, म्हणून त्याचे तासही धरत नाहीत. मग मुलगी रात्री अकराला पुस्तक उघडते आणि अम्मी म्हणते, दिवसभर काय केलंस? जिच्यावर घराचा असा भार आहे, तिनं पहिल्या सत्रात प्रॅक्टिकलचे जास्तीचे विषय टाळलेले बरे. आणि घरच्यांनी निदान पहिल्या सत्रापुरता एखादा भार भाऊसाहेबांकडे द्यावा. धाकट्याची बुटाची नाडी भाऊही बांधू शकतो.

आता विषय निवडण्याकडे येऊ. इथं ज्यांचं ठरलं नाही, त्यांच्यासाठी नव्या चौकटीत एक चांगली सोय आहे. राज्यातल्या काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय बरोबरीनं घ्यायचे असतात आणि त्यांतला मुख्य कोणता, दुय्यम कोणता, हे दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला सांगायचं असतं. काही ठिकाणी मात्र मेजर प्रवेशाच्या वेळीच मागतात. तुमच्या कॉलेजात कोणती पद्धत आहे, हा पहिला प्रश्न कार्यालयात विचारा. बदल करता येतो का, कधीपर्यंत, हा दुसरा. माहितीपत्रकात ते असतंच, पण छपाई इतकी बारीक की तोंडी विचारलेलं बरं.

जिथं तीन विषय घेता येतात, तिथं आमचा सल्ला असा की एक विषय असा घ्या ज्याच्यात हात बसलेला आहे. बारावीला ज्यात न कुढता गुण मिळाले, तो. त्याच्या आधारावर बाकीचं सत्र उभं राहतं. दुसरा असा घ्या जो पुढे सोडता येतो, पण आज सोडला तर पुन्हा धरता येणं कठीण. गणित हे त्याचं ठळक उदाहरण. बीएस्सीच्या पहिल्या वर्षी गणित ठेवलेल्या मुलाला पुढे संख्याशास्त्राकडे, संगणकाकडे वळता येतं. नको वाटलं तर दुसऱ्या वर्षी बाजूला ठेवता येतं. उलटी वाट फार अवघड. बीएला अर्थशास्त्राचं काहीसं तसंच आहे. आणि तिसरा विषय नवा घ्या, शाळेत कधी न भेटलेला: मानसशास्त्र, समाजशास्त्र, भूशास्त्र, जे कॉलेजात असेल ते. तिन्ही नवे घेऊ नका आणि तिन्ही जड घेऊ नका. दोस्त घेतोय म्हणून तर एकही नको. दोस्त डिसेंबरात वर्ग बदलून निघून जातो आणि आपण तिथंच.

ओपन इलेक्टिव्हबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण मुलं ते सर्वांत शेवटी आणि सर्वांत निष्काळजीपणे भरतात. नियम असा की हा विषय आपल्या शाखेबाहेरचा घ्यायचा. कला शाखेच्या मुलीला वाणिज्य किंवा विज्ञानाकडचा, विज्ञानाच्या मुलाला कला किंवा वाणिज्याकडचा. बहुतेक मुलं विचारतात, "सोपा कुठला?" ज्याचं ठरलेलं आहे, त्यानं खुशाल सोपा घ्यावा. पण ज्याचं ठरलेलं नाही, त्याच्यासाठी ही पलीकडच्या घरात डोकावायची खिडकी आहे. दोन क्रेडिटमध्ये कळतं की हिशेबाची पुस्तकं पाहून आपल्याला झोप येते की हुरूप येतो. पूर्ण बीकॉमला प्रवेश घेऊन, वर्ष घालवून, फी भरून तेच कळण्यापेक्षा हे किती स्वस्त! बीएच्या मुलींनी वैयक्तिक अर्थनियोजनाचा किंवा बँकव्यवहाराचा विषय मिळत असेल तर जरूर पाहावा.

कौशल्याचे जे विषय असतात, व्हीएससी आणि एसईसी, त्यांत प्रॅक्टिकल असतं. तेव्हा वेळापत्रक पाहूनच नाव द्या. दुपारी चार ते सहाची बॅच आणि शेवटची एसटी सव्वापाचची, असं झालं तर हजेरी गेली. बहुतेक ठिकाणी 75 टक्के हजेरी लागते, आणि ती सत्राच्या शेवटी आठवते. सीसी म्हणजे सहशालेय उपक्रम: एनएसएस, एनसीसी, खेळ, कला. यातही वजनाचा फरक आहे. एनएसएसचं वर्षाला 120 तासांचं काम आणि सात दिवसांचं शिबिर असतं, एनसीसीला पहाटेची परेड. आमच्या मते दोन्ही उत्तम. पण ज्याला पहाटे दुधाची लाइन टाकायची असते, त्यानं एनसीसीला नाव देऊन दर आठवड्याला माफी मागत फिरू नये.

उर्दू माध्यमातून येणाऱ्या मुलांसाठी आणखी एक ओझं असतं, जे कोणत्याही कागदावर क्रेडिट म्हणून लिहिलेलं नसतं. ते भाषेचं. बारावीपर्यंत इतिहास उर्दूतून, विज्ञानाच्या संज्ञा उर्दू-इंग्रजी मिसळून, आणि एकदम वर्गात प्राध्यापक मराठीतून किंवा इंग्रजीतून बोलू लागतात. हुशार मुलगा पहिल्या महिन्यात गप्प होतो. तो विषयात कच्चा नसतो. वाक्य संपेपर्यंत तो पहिल्याच शब्दापाशी असतो. आम्ही अशा मुलांना सांगतो की तुमचे चव्वेचाळीस तास प्रत्यक्षात पन्नासच्या वर धरा. पहिल्या सत्रात भाषेचा जो विषय निवडायचा असतो, म्हणजे ती एईसी, तिथं उर्दू मिळत असेल तर घ्या. कुणी म्हणेल, उर्दू येतेच, मग मराठी घेऊन नोकरीची तयारी का नको? मराठी हवीच, या महाराष्ट्रात राहून मराठीवाचून चालणार नाही. पण तिच्यासाठी दोन क्रेडिटच्या पेपरपेक्षा रोजचं वर्तमानपत्र जास्त कामाचं. पहिल्या सत्रात एक तरी पेपर असा असू द्या जिथं मूल मान वर करून बसेल.

कला आणि वाणिज्य शाखेत उत्तरपत्रिका मराठीतून लिहिण्याची मुभा बहुतेक विद्यापीठांत आहे. ज्या मुलाची मराठी इंग्रजीपेक्षा बरी आहे, त्यानं लोकांच्या लाजेखातर इंग्रजी माध्यम भरू नये. आमच्या समाजात हा लाजेचा भाग बराच आहे, आणि त्याची किंमत मूल एकटं भरतं.

आता बाहेरचं ओझं. एप्रिल 2022 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं एकाच वेळी दोन पदव्या घेण्याची परवानगी दिली. तेव्हापासून दर जूनमध्ये कुणीतरी विचारतं, "मग इकडे बीए आणि तिकडे मुक्त विद्यापीठातून बीकॉम, दोन्ही का नको?" परवानगी आहे हे खरं. ज्याची वाट ठरली आहे आणि ज्याला दोन्हींची गरज आहे, त्याच्यासाठी ती आहे. पण ठरलं नाही म्हणून दोन पदव्या घेणं म्हणजे कोणत्या गाडीत बसायचं कळत नाही म्हणून दोन गाड्यांची तिकिटं काढणं. टॅली, टायपिंग, इंग्रजी संभाषण यांचं आम्हाला वावडं नाही. मात्र ते दुसऱ्या सत्रात, किंवा दोन सत्रांच्या मधल्या सुट्टीत. पहिल्या सत्रात बाहेरची एकच गोष्ट ठेवा. दुकान असेल तर तीच ती एक गोष्ट.

"पण पहिलं सत्र तर सवय होण्यासाठीच असतं, त्याला कोण विचारतं?" हे वाक्य सीनियर मुलं सांगतात. त्यांच्या सगळ्या सल्ल्यांत हा सर्वांत महाग. सहा सत्रांचे गुण एकत्र मोजले जातात. समजा पहिल्या सत्रात दहापैकी 5 मिळाले आणि नंतरच्या पाचही सत्रांत 7 मिळाले, तरी सरासरी 6.67 वरच थांबते. पाच सत्रं नेटानं अभ्यास करूनही पहिल्याचा डाग पुरता जात नाही. विषय राहिला तर एटीकेटी मिळते, पुढच्या वर्गात बसता येतं. पण तो राहिलेला पेपर नव्या विषयांच्या डोक्यावर बसतो, आणि हलकं सत्र मग कधीच येत नाही.

आणि ज्यांचं ठरलेलं नाही, त्यांनी ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी: पदवीनंतरची बरीच दारं विषय विचारत नाहीत, टक्के विचारतात. तीन वर्षांच्या एलएलबीला कोणतीही पदवी चालते, खुल्या प्रवर्गाला 45 टक्के लागतात. एमबीएला कोणतीही पदवी आणि 50 टक्के. बीएडलाही 50 टक्के. ज्या बिरादऱ्या ओबीसीच्या यादीत आहेत, त्यांना काही सवलत मिळते. दाखला वेळेत काढून ठेवा. राज्यसेवेच्या परीक्षेला तर पदवी असली की पुरे. बीएडचं एक मात्र आम्ही आमच्या अनुभवानं सांगू: प्रवेश कोणत्याही पदवीवर मिळाला, तरी पुढे शाळेत कोणता विषय शिकवाल, हे पदवीच्या विषयांवर ठरतं. ज्या मुलींच्या मनात शिक्षिका होण्याचं थोडंफार आहे, त्यांनी तीन विषयांत एक तरी शाळेत शिकवला जाणारा ठेवावा. इतिहास, भूगोल, गणित, भाषा, विज्ञान, काहीही.

घरची परिस्थिती किंवा लग्न यामुळे शिक्षण मध्येच थांबण्याची भीती आमच्याकडे पुष्कळ मुलींना असते. मुलांनाही असते, ते बोलत नाहीत. त्यांच्यासाठी नव्या चौकटीत एक तजवीज आहे. मिळवलेले क्रेडिट अॅकॅडमिक बँकेत जमा राहतात. पहिलं वर्ष पूर्ण करून, ठरवून दिलेला चार क्रेडिटचा जादा कौशल्य अभ्यास केला तर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं, तीन वर्षांच्या आत परतता येतं, आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. पण बँकेत तेच जमा होतं जे पास केलं. बावीस घेऊन चौदा पास झालेल्या मुलीच्या खात्यात चौदाच. म्हणून जिला वाटतं की आपल्याला वर्षभरच मिळेल, तिनंही घाईनं जास्त कोंबू नये. ते खातं उघडण्यासाठी डिजिलॉकरवरून जो क्रमांक घ्यावा लागतो, तो प्रवेशाच्याच आठवड्यात काढा. आधार कार्डावरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव सारखं आहे का, ते आधी पाहा. आमच्या मुलांच्या नावांची स्पेलिंगं हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे: मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे नुसता एमडी, आणि शेख आधी की नंतर, यात महिने जातात.

वर्ग सुरू झाल्यावर पहिले दोन-तीन आठवडे मुलाला रोज "कसं चाललंय" विचारू नका. त्याचं उत्तर "ठीक" हेच असतं. त्यापेक्षा दर रविवारी विचारा, या आठवड्यात कोणत्या तासाला घड्याळ पाहिलं नाहीस? आणि कोणत्या तासाला सारखं पाहिलंस? तीन रविवार एकच नाव आलं, तर काहीतरी कळलं. एखादा विषय खरंच झेपत नाही असं दिसलं, तर परीक्षेची वाट पाहू नका. विषय बदलण्याची मुदत बहुतेक कॉलेजांत सुरुवातीच्या काही आठवड्यांचीच असते, आणि ती संपल्यावर प्राचार्यांचाही इलाज चालत नाही.

बदलाचा अर्ज मुलानं स्वतः लिहावा, अब्बांनी नव्हे. साधा असू द्या: नाव, वर्ग, तुकडी, हजेरी क्रमांक, आत्ता घेतलेला विषय, हवा असलेला विषय, आणि कारण एका ओळीत. जो विषय हवा आहे त्याच्या विभागप्रमुखांना आधी भेटा, जागा आहे का विचारा, शक्य असेल तर अर्जावर त्यांची सही घ्या. सहीचा अर्ज टेबलावरून लवकर हलतो. नव्या विषयाच्या तासाला त्याच दिवसापासून बसायला सुरुवात करा आणि हजेरीसाठी तिथल्या प्राध्यापकांना सांगून ठेवा. अर्जाच्या दोन प्रती न्या. एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर तारखेसह पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.